ज्युराची 'पिवळी वाइन' आणि तिचे सहभोज्य पदार्थ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
फ्रान्सच्या पूर्व सीमेवर स्वित्झर्लंडला लागून ज्युरा हा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील 'व्हँ झोन' म्हणजेच पिवळी वाइन आणि कोंते हे चीज यांची जोडी निसर्गदत्त असल्याचे सामान्यतः मानले जाते. तथापि या जोडीमागे भूगोलाबरोबरच सहकार, आर्थिक संकट आणि कायदा यांचाही इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

निर्मितीप्रक्रिया :
ही वाइन केवळ साव्हान्यँ या द्राक्षापासून तयार होते. पिंपातील वाइन बाष्पीभवनाने घटत असताना अन्यत्र ती वेळोवेळी भरून काढली जाते. येथे मात्र जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. त्यामुळे पृष्ठभागावर किण्वाचा पातळ पडदा तयार होतो आणि तो वाइनला आंबण्यापासून वाचवतो. द्राक्षतोडणीपासून किमान ६ वर्षे ३ महिन्यांनंतरच ती विक्रीस येते. एक लिटरमधून उरणाऱ्या वाइनचे प्रतीक म्हणून तिची बाटली ६२ सेंटिलिटरची असते. तिच्यात अक्रोडाचा व मसाल्याचा गंध निर्माण करणारे 'सोटोलॉन' हे द्रव्य मेथीदाण्याच्या वासाचेही प्रमुख कारण आहे.

सहभोज्य पदार्थ :
कोंतेच्या सुमारे ४० किलो वजनाच्या एका चक्रासाठी अंदाजे ४०० लिटर दूध लागते. एवढे दूध एका लहान शेतकऱ्याकडे निघत नसे. म्हणून मध्ययुगापासून गावकऱ्यांनी दूध एकत्र करण्याची 'फ्रुइतिएर' ही व्यवस्था उभारली. दीर्घ हिवाळ्यात टिकणारे अन्न ही त्यांची निकड होती, तर सालँ येथील मिठागरांमुळे मीठ जवळच उपलब्ध होते. दीर्घकाळ मुरलेल्या कोंतेला येणारी अक्रोडासारखी चव या वाइनशी जुळते. शेजारच्या ब्रेस मैदानातील कोंबडी, मोरेल अळंबी, साय व हीच वाइन यांपासून केलेला रस्सा हेही या प्रदेशाचे वैशिष्ट्य होय.

संकट आणि संरक्षण :
आर्ब्वा येथे बालपण गेलेल्या लुई पाश्चर यांनी तेथील वाइनच्या विकारांचा अभ्यास केला व १८६६ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर लवकरच फिलॉक्सेरा किडीने द्राक्षवेली उद्ध्वस्त केल्या. एकोणिसाव्या शतकात सुमारे २०,००० हेक्टर असलेले लागवडक्षेत्र आज २,००० हेक्टरच्या आसपास आहे. या परिस्थितीत १९०६ मध्ये आर्ब्वाच्या बागायतदारांनी दुधाच्या धर्तीवर वाइनची 'फ्रुइतिएर' स्थापन केली. पशुपालकांची संस्था द्राक्षउत्पादकांच्या उपयोगी पडली, ही बाब विशेष लक्षणीय आहे.
पुढे १९३६ मध्ये आर्ब्वा व शातो-शालों या वाइनला, १९५७ मध्ये ब्रेसच्या कोंबडीला आणि १९५८ मध्ये कोंतेला उगमनामाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. हे संरक्षण उत्पादकांवर बंधनकारकही ठरले. दर्जा न साधल्यामुळे १९७४, १९८०, १९८४ व २००१ या वर्षांची वाइन शातो-शालों या नावाने बाजारात आली नाही. उत्पन्नाची झळ सोसूनही नावाची प्रतिष्ठा जपली गेली.

निष्कर्ष :
वाइन व चीज यांतील रुचिसाम्यास रासायनिक आधार आहे. परंतु ही जोडी टिकून राहिली ती लहान उत्पादकांच्या सामूहिक प्रयत्नांमुळे. सहकाराने त्यांना उत्पादनाची क्षमता दिली आणि कायद्याने नावाला संरक्षण दिले. म्हणूनच प्रादेशिक खाद्यपरंपरेचा अभ्यास करताना चवीबरोबरच ती जपणाऱ्या संस्थांचा इतिहास पाहणे अगत्याचे ठरते.