‘ए’च्या शेजारचं बिऱ्हाड

भाडेकरूंचे तंटे फक्त पुण्याच्या वाड्यांत होतात, असा एक समज आहे. कीबोर्डावरची ‘ए’च्या डावीकडची जागा घ्या. काय मोक्याची जागा! करंगळी जरा सरकवली की पोचली. १९६३ च्या ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ वर तिथं ‘कंट्रोल’ राहत असे. त्या यंत्राला इंग्रजीची लहान अक्षरं येतच नव्हती, तेव्हा ‘कॅप्स लॉक’चं नावही कुणी काढलं नाही. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, त्यातही कंट्रोल तिथंच. कॅप्स लॉक मात्र स्पेसबारच्या उजवीकडं, ओसरीवर पथारी टाकल्यासारखा. पुढं १९८६ मध्ये पीसीला १०१ कळांचा कीबोर्ड मिळाला आणि कंट्रोलचं सामान खालच्या कोपऱ्यात हलवून कॅप्स लॉक त्या खोलीत शिरला. (देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. म्हणजे आपल्या लेखी ही खोली नुसती अडवून ठेवलेली!)

युनिक्सवाल्यांच्या करंगळीला जुनाच पत्ता पाठ. त्यांतले मार्क रसिनोविच विंडोज एनटीकडे आले आणि त्यांनी ‘कंट्रोल-टू-कॅप’ लिहिला. हा ‘फिल्टर ड्रायव्हर’, म्हणजे जिन्यात बसलेला रखवालदार. कळ दाबली की कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, नंबर पाठवतो. कॅप्स लॉकचा नंबर ५८, डाव्या कंट्रोलचा २९. ५८ वर येताना दिसला की रखवालदार त्याच्या पाठीवर २९ ची चिठ्ठी डकवतो. बरोबर निम्म्यावर आणतो!

त्याला बसवणं सोपं. एक आज्ञा द्यायची आणि मशीन बंद करून चालू करायचं. खरी कटकट काढताना. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘अपर-फिल्टर्स’ नावाची हजेरी असते, तिच्यात याचं नाव असतं. एखादा टापटिपीचा गृहस्थ फाइल पुसून टाकतो, नाव राहतं. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना नाव पुकारलं जातं, ‘हजर’ कुणी म्हणत नाही आणि विंडोज आख्ख्या कीबोर्डालाच घरी पाठवतं. समोर पासवर्डची चौकट. बाजारातून नवा कीबोर्ड आणावा तर तोही मुका, कारण हजेरी सगळ्या कीबोर्डांची एकच. कुणी चिडून यादीच कोरी करतो. त्यात ‘केबीडीक्लास’ हा घरचा कर्ताही जातो, आणि कीबोर्ड मेलेला तो मेलेलाच.

माउस तेवढा जिवंत असतो. त्यानं पडद्यावरचा कीबोर्ड उघडायचा, एकेक अक्षर टिपत आत शिरायचं आणि बेपत्ता इसमाचं नाव यादीतून कमी करायचं. आधी नाव, मग फाइल. रेशनकार्डावरून नाव कमी झाल्याशिवाय माणूस गेला हे सरकारला पटत नाही, तसंच विंडोजचं.

विंडोज २००० पासून मात्र रखवालदाराची गरजच उरली नाही. ‘स्कॅनकोड मॅप’ ही नोंद रजिस्ट्रीत केली की भागतं. तिथं नवा नंबर आधी लिहायचा आणि जुना नंतर. उलट झालं, तर कीबोर्डावर दोन कॅप्स लॉक नांदू लागतात आणि डावा कंट्रोल कोपऱ्यातूनही बाहेर.