वनखात्यातले मारुती चितमपल्ली

२०२५ साली १८ जूनला सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. वय ९२ वर्षांचं होतं. त्याच वर्षी सरकारनं त्यांना पद्मश्री दिली होती. आळंद-कलबुर्गीकडच्या आम्हा मराठी मंडळींना सोलापूर परगाव वाटत नाही. लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, दिवाळी अंक, सगळं तिथूनच येतं. त्यामुळे ही बातमी आमच्या मंडळात घरातला म्हातारा माणूस गेल्यासारखी आली आणि यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर लिहायचं ठरलं.

वर्तमानपत्रांनी त्यांना 'अरण्यऋषी' म्हटलं. पदवी त्यांना शोभते, पण आम्हाला ती थोडी अडचणीची वाटते. ऋषी म्हटलं की हात जोडायचे आणि पुढे चालायचं. चितमपल्ली सरकारी नोकर होते. बदल्या, दौरे, वरिष्ठांचे शेरे, मार्चअखेरचा हिशेब यांतून ते ३६ वर्षं गेले आणि १९९० साली निवृत्त झाले. आमच्यातले निम्मे सभासद मस्टरवर सही करणारे आहेत, म्हणून आम्हाला त्यांची ही बाजू अधिक जवळची.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा, सोलापूरचा. आडनाव तेलुगू वळणाचं, शहर कापडगिरण्यांचं. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानावर पडायची. ज्याला भाषा शिकायच्या असतील त्याच्यासाठी याहून चांगली शाळा नाही. रानाची ओढ मामांबरोबर फिरताना लागली, असं त्यांनी लिहिलं आहे. पुढे कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात शिक्षण झालं आणि महाराष्ट्राच्या वनखात्यात नोकरी. कोकणात कर्नाळा, पूर्व विदर्भात नवेगावबांध आणि नागझिरा, शेवटी मेळघाट.

नवेगावबांधचे दिवस त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतात. तिथं त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. तळं, पाखरं आणि झाडं यांची माहिती डोंगरवारांच्या तोंडपाठ. दुसरा एखादा अधिकारी अशा माणसाकडून वाट विचारून घेतो आणि विसरून जातो. चितमपल्ली त्यांच्यापाशी शिकायला बसले. तीच गोष्ट गोंड, कोरकू, माडिया आणि पारधी लोकांची. कोणतं पाखरू कधी घरटं बांधतं, कोणती साल कशावर लावतात, कोणत्या आवाजाला काय म्हणतात, हे सगळं ते विचारून टिपून ठेवत. खात्याची दौरा डायरी वेगळी आणि त्यांची स्वतःची रोजनिशी वेगळी. खात्याच्या डायऱ्या कुठल्या कपाटात असतील देव जाणे. दुसऱ्या वह्यांतून मात्र 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'रातवा' ही पुस्तकं झाली, 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र झालं आणि 'पक्षिकोश' झाला.

नोकरीत असतानाच ते पंडितांकडे जाऊन संस्कृत शिकले, कारण जुन्या ग्रंथांत पशुपक्ष्यांविषयी काय आहे ते त्यांना मुळातून वाचायचं होतं. हंसदेवाचं 'मृगपक्षिशास्त्र' त्यातूनच मराठीत आलं. खात्याची परीक्षा संपली की पुस्तक मिटणारे आम्ही, आम्हाला याचं फार अप्रूप.

त्यांचं सगळंच लेखन शास्त्राच्या काट्यावर तोलता येणार नाही. 'निळावंती'सारख्या पुस्तकात ऐकीव कथा आणि पाहिलेली गोष्ट यांची सरमिसळ होते. पण ऐकीव तरी कोण टिपून ठेवतो?

त्यांनी मराठीला शब्द दिले. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळे-ढोकऱ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार'. इंग्रजीत यांना स्वतंत्र नावं होती, मराठी लिहिणारे तीच उचलून वापरत. २००६ साली सोलापुरात ७९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष म्हणून वनखात्यातला हा माणूस बसला होता. जन्मगावानं असा मान करणं ही साधी गोष्ट नव्हे.

आता आमच्याकडची गोष्ट. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले आणि वनखात्याला 'जंगलात' म्हणत. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. गुलबर्गाही इकडेच. रानाला याचा पत्ता नव्हता. पळस दोन्हीकडे तसाच फुलला. बदलली ती दप्तराची भाषा. आमच्या काही घरांतले आजोबा त्या काळी रानात नोकरीला होते. उर्दूत हुकूम घेऊन लागले, कन्नडमध्ये पेन्शनचे कागद घेऊन बाहेर पडले, आणि घरी आयुष्यभर मराठी बोलले. एकाच झाडाची चार नावं त्यांना ठाऊक होती. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी कुठे लिहिलं नाही.

चिंचोळीचं रान आमच्याच जिल्ह्यात. २०११ साली ते अभयारण्य झालं, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं. साग, चंदन, तरस, लांडगा, आत लमाणी तांडे. चिंचोळी हे नाव मराठी कानाला चिंचेचं वाटतं. चिंचेला तेलुगूत 'चिंत' म्हणतात आणि कन्नडमध्ये 'हुणसे'. चंद्रमपल्ली धरणावर सहलीला गेलेल्या आमच्या मुलांना पाटीवरची इंग्रजी आणि कन्नड नावं वाचता येतात. घरातलं नाव विचारलं तर ती मोबाइल काढतात. दोष मुलांचा नाही, आम्हीच त्यांना ते कधी सांगितलं नाही.

म्हणून यंदा मंडपात देणगीच्या टेबलाशेजारी एक जाड वही ठेवली आहे. चार रकाने आखले आहेत: मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. आरतीला येणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आठवेल ते नाव सांगायचं, लिहून घ्यायला मुलं बसतात. पहिल्याच संध्याकाळी एका निवृत्त वनरक्षक आजोबांनी पळस, मुत्तुग, मोदुग, ढाक अशी ओळ पूर्ण करून दिली. त्यांच्या नातीनं ती लिहिली. मग घुबड, 'गूबे', 'गुड्लगूब' आणि 'उल्लू'. त्यावर हशा पिकला, कारण पहिली तिन्ही नावं एकाच घुमण्यातून निघाल्यासारखी वाटतात. कडुलिंब, 'बेवु', 'वेप', 'नीम' हेही झालं. मग कुणीतरी विचारलं की गावतळ्याकाठच्या चिंचेवर बगळ्यांची घरटी असायची, त्या जागेला आपल्याकडे काय म्हणत? आजोबा बराच वेळ आठवत राहिले. मराठीच्या रकान्यात आम्ही तूर्त 'सारंगागार' लिहिलं आहे, पेन्सिलीनं.