लंडनचें धूरधुकें व मृत्युपटांची साक्ष

इ. स. १९५२ च्या डिसेंबरांत, तारीख ५ पासून ९ पर्यंत, लंडन शहरावर जें काळें धुकें बसलें त्यांत सुमारें चार हजार माणसें दगावलीं, असें बहुधा लिहिलें जातें. हा आंकडा कितपत ग्राह्य धरावा, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

लंडनकरांची धुराविषयींची तक्रार जुनी. पहिल्या एडवर्ड राजानें चौदाव्या शतकाच्या आरंभीं दगडी कोळसा जाळण्यास मनाई केली. परंतु लांकूड महाग, कोळसा स्वस्त, तेव्हां ती कोण पाळणार? सन १६६१ त जॉन एव्हलिन यानें याच विषयावर एक पुस्तिका लिहून दुसऱ्या चार्लस राजास सादर केली. साबणाच्या व चुन्याच्या भट्ट्या शहराबाहेर न्याव्या, सभोंवार सुगंधी झाडें लावावीं, असें त्याचें म्हणणें. निष्पन्न कांहींच झालें नाहीं. आमच्या दृष्टीनें महत्त्वाचा त्यापुढील वर्षींचा जॉन ग्रांट याचा ग्रंथ. पेशानें कापडव्यापारी असलेल्या या गृहस्थानें लंडनचे साप्ताहिक मृत्युपट एकत्र करून शहराच्या रोगटपणाचीं कारणें शोधलीं, व त्यांत कोळशाच्या धुराची गणना केली. एव्हलिनचा आधार नाक व डोळे. ग्रांटचा आधार कागद.

आतां १९५२ कडे वळूं. वाऱ्याची झुळूक नाहीं, वर ऊन हवेचा थर झांकणासारखा बसलेला, खालीं थंडी. घरोघरच्या शेगड्यांत हलका, गंधकयुक्त कोळसा जळत होता. कारण चांगला कोळसा परदेशीं विकून कर्ज फेडावयाचें होतें. विजेच्या कारखान्यांचा धूर त्यांत मिळाला. गंधकाचा वायु धुक्याच्या थेंबांत विरून त्याचें आम्ल बनलें. वृद्ध, तान्हीं मुलें व जुने दमेकरी प्रथम बळी पडले. पशुप्रदर्शनासाठीं आणलेलीं कांहीं गुरेंहि धापा टाकीत मेलीं.

धुकें उठलें, परंतु मृत्युसंख्या पूर्वपदावर आली नाहीं. जानेवारी व फेब्रुवारींतहि ती नेहमींपेक्षां पुष्कळच अधिक राहिली. सरकारी अहवालानें या उत्तरकालीन मृत्यूंचें खापर इन्फ्लुएंझाच्या माथीं मारलें, आणि आंकडा चार हजारांवर थांबला. विल्किन्स यानें १९५४ सालींच पुढील सुमारें आठ हजार मृत्यूंकडे लक्ष वेधलें होतें. पुढें २००१ व २००४ सालीं मिशेल बेल, डेव्हरा डेव्हिस प्रभृति संशोधकांनीं जुने तक्ते पुन्हां तपासून दाखविलें, कीं इन्फ्लुएंझानें या मृत्यूंपैकीं थोड्याच भागाचा उलगडा होतो. एकूण संख्या बारा हजारांच्या आसपास जाते. आमचें मत याच पक्षास अनुकूल आहे. धुरानें फुप्फुस दुखावलेला मनुष्य पांच दिवसांतच मरावा असा नियम नाहीं. शिवाय कोळसा विकणारें व मृत्यूचीं कारणें ठरविणारें सरकार एकच होतें, ही गोष्ट साक्षीची पारख करतांना विसरतां येत नाहीं.

पुढें ह्यू बीव्हर यांची समिति बसली व १९५६ सालीं शुद्ध हवेचा कायदा झाला. मुंबईस धूरनिवारणाचा कायदा १९१२ सालींच झाला होता. मात्र त्याचा रोख भट्ट्यांवर व कारखान्यांवर, घरच्या चुलीवर नव्हे. लंडनच्या नव्या कायद्यानें घरगुती शेगडीसहि हात घातला, हा त्याचा विशेष. डिसेंबर १९६२ मध्यें तेथें पुन्हां तसेंच धुकें पडलें. त्या वेळीं मृत्यूंची गणना शेंकड्यांत राहिली.