तंजावरची तुळस

इथल्या तमिळ घरांत तुळशीच्या कट्ट्याला 'तुळसी माडम' म्हणतात. आपलं तुळशी वृंदावनच ते. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास इथे भोसल्यांची गादी स्थापली. दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८-१८३२) धन्वंतरी महालात औषधी वनस्पतींचा अभ्यास करवला, त्यांची चित्रं काढून घेतली. १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य संपवलं. तरी इथली मराठी कुटुंबं आजही घरात जुन्या वळणाची मराठी बोलतात.

तुळशीची मंजिरी वेळेवर खुडली की पानं भरगच्च येतात. पण चार मंजिऱ्या झाडावरच वाळू द्याव्या लागतात, नाहीतर पुढच्या मोसमाला बी कुठलं? भाषेचंही तसंच. पुढच्या पिढीच्या तोंडी रुजली तरच ती टिकते. बदलीवर फिरणाऱ्या आपल्या फौजी घरांनी हे ध्यानात ठेवावं.