लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र आणि नाताळचा खाऊ



नाताळच्या सुट्टीत नातवंडे रत्नागिरीला आली की घर भरून जाते. सण आपला नसला तरी त्यांच्या शाळेत झाड सजते, म्हणून बिनअंड्याचा केक आपल्याही घरी येतोच. मग मागण्यांची यादी सुरू होते. या वेळी नातवाने विचारले, "आजी, मी माझं ताट घासलं तर किती रुपये देशील?" मी बी.कॉम. झालेली, पण याचे उत्तर मला चटकन सुचले नाही. रात्री त्याला कर्मवीर अण्णांची गोष्ट सांगितली.

भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, आपल्या जैन समाजात झाला. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातिधर्मांची गरीब मुले तिथे एका पंक्तीला बसत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

तो काळ सोवळ्याओवळ्याचा. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई तशाच संस्कारांत वाढलेल्या. पण त्यांनी या मुलांना पोटच्या लेकरांसारखे जेवू घातले. पैसे कमी पडू लागले तसे एकेक दागिना गेला. एकदा मुलांच्या जेवणाला काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचा पुढचा मोठा विस्तार त्यांना पाहायला मिळाला नाही.

इतका त्याग करूनही मुलांना आयते देण्याची या घराची रीत नव्हती. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे घोषवाक्य. मुले आपली कामे आपण करीत, शेतात राबत आणि शिकत. पुढे 'कमवा आणि शिका' ही योजना महाराष्ट्रभर पोहोचली, तिचे मूळ हेच.

मला यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, आपले ताट आपण घासणे ही कमाई नव्हे. घरातल्या प्रत्येक कामाला भाव लावला, तर उद्या मूल आजारी आजीला पाणी देतानाही दर विचारील. दुसरी, पैशाची किंमत तो कशासाठी जातो यावर ठरते. सोने तिजोरीत राहिले असते तर सोनेच राहिले असते. लक्ष्मीबाईंनी त्याची भाकरी केली. आपल्या श्रावकाचाराला परिग्रह-परिमाण सांगितले आहे. आपल्याला किती पुरे, हे आधी ठरवायचे. मुलांना शिकवायचे ते हेच.

म्हणून ताटाचे पैसे दिले नाहीत. दोघांनाही प्रत्येकी ५०० रुपये आणि एकेक वही दिली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. अट एवढीच की काही स्वतःसाठी, काही दुसऱ्यासाठी, काही शिल्लक. आणि संपले तर आजी पुन्हा देणार नाही.

नातीने पहिल्याच दिवशी सगळे पैसे बाजारात संपवले. तिसऱ्या दिवशी मांडवीला गेलो तेव्हा ती भेळेच्या गाडीकडे बघत उभी राहिली. माझा हात पर्सकडे गेला होता, पण मागे घेतला. खरे सांगते, जिवावर आले. थोड्या वेळाने नातू दोन पुड्या घेऊन आला, कांदा-बटाटा न घातलेल्या. दिवस मावळायच्या आत खाऊन घरी परतलो.

रात्री त्याची वही पाहिली. खर्चाच्या बाजूला लिहिले होते, "ताईची भेळ". तिच्या वहीत शिल्लक शून्य होती, पण खाली तिने लिहिले होते, "भावाचे देणे".

केक मात्र मी कुठल्याच वहीत लिहू दिला नाही. तो आजीचा लाड, त्याचा हिशेब नसतो.