समुद्रसपाटीच्या शून्याचा मागोवा

अजिंठ्याच्या पायथ्याच्या फर्दापूरहून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर लांब. तरीही गाडी पकडायला जळगावला गेलं की स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा सर्वे ऑफ इंडियाचा नकाशा उघडला, तर त्यातल्या समोच्चरेषाही तिथूनच मोजलेल्या. हे शून्य आलं कुठून?

त्याचं एक मूळ मुंबईत, अपोलो बंदरावर. 1878 पासून तिथे भरती-ओहोटीची नोंद आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. जुनं यंत्र अगदी साधं. एक विहीर, तिला समुद्राकडून लहानसं भोक. भोक लहान म्हणून लाटांचे हिसके बाहेरच राहत, भरती मात्र सावकाश आत चढे. पाण्यावर तरंगता फुगा, त्याला तार, तारेला जोडलेली लेखणी आणि घड्याळाच्या चालीने फिरणारा कागद. अशा वर्षानुवर्षांच्या रेषांची सरासरी म्हणजे समुद्रसपाटी.

ती देशात आत पोचवली लेव्हलिंगने. मागे एक पट्टी, पुढे एक, मध्ये दुर्बीण; दोन्ही वाचायच्या, फरक लिहायचा, पुढे सरकायचं. 1858 ते 1909 हे काम चाललं. नागपूरच्या झिरो माईलपाशी 1020.171 फूट ही उंची कोरलेली आहे, ती लेव्हलिंगच्या याच जाळ्यातली. जाळं जुळवताना कराचीपासून नऊ बंदरांवर समुद्र एकाच पातळीत आहे असं धरलं होतं. प्रत्यक्षात बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा सुमारे 30 सेंटिमीटर उंच भरतो. नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे त्याचं पाणी हलकं आहे, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवून दिलं.

मुंबईची जुनी नोंद पुढे वेगळ्याच कामी आली. याच संस्थेतल्या अभ्यासकांनी 2007 मध्ये उत्तर हिंदी महासागरातल्या दीर्घ नोंदी तपासल्या. समुद्र वर्षाला 1.06 ते 1.75 मिलिमीटर चढत असल्याचं त्यांना आढळलं. तोवर उपग्रहांनी आकाशातूनही मोजणी सुरू झाली होती: 1992 मध्ये टोपेक्स-पोसायडन आला, पुढे 2013 मध्ये इस्रो आणि फ्रान्सचा सरलही.

म्हणजे पाणी आपण मिलिमीटरात मोजतो. जमीन मात्र मीटरांनी चुकते, आणि माझ्या मते बुडीत क्षेत्राच्या नकाशांचं खरं दुखणं हेच आहे. 2000 च्या फेब्रुवारीत एंडेव्हर अंतराळयानाने रडारने पृथ्वीची उंची टिपली. जगभरचे नकाशे तिच्यावर बेतले गेले. पण रडारला माडांचे शेंडे आणि घरांची छपरंही जमीनच वाटली. 2019 मध्ये क्लायमेट सेंट्रल या संस्थेने ही चूक दुरुस्त केली, तेव्हा धोक्यातल्या लोकसंख्येचा जागतिक अंदाज तिपटीवर गेला आणि मुंबईचा नकाशा पाहून लोक हबकले.

दुरुस्त नकाशातही रायगडची खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी अडवणारे बांध, नीट दिसत नाही. चौकटच तीस किंवा नव्वद मीटरची. काही पावलं रुंदीचा मातीचा बांध तिच्यात विरून जातो. शेत वाचतं ते त्याच बांधावर आणि त्याच्या उघाडीवर, म्हणजे पाणी सोडायच्या दारावर. बांधाला खांड पडली की खारं पाणी आत शिरतं आणि भातशेती नापीक होते. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार धोक्याची रेषा सर्वे ऑफ इंडियाने आखली आहे. तिच्या जोडीला प्रत्येक बांधाच्या माथ्याची उंची लेव्हल लावून मोजायला हवी, आणि ती गावच्या ग्रामपंचायतीत, शेतकऱ्याला वाचता येईल अशी लावायला हवी.