रामेश्वराची किनारी वाट आणि तंजावरची छत्रे : यात्रेच्या आखणीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

भारतीय लोकजीवनात तीर्थयात्रेला अनन्यसाधारण स्थान आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर काशी आणि रामेश्वर ही नावे जोडीनेच उच्चारली जातात. काशीची गंगा कावडीने आणून रामेश्वराला घालावी आणि सेतूची वाळू परत प्रयागास न्यावी, अशी परंपरा आहे. एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगा वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. या कथेतून आपण भूतदयेचा बोध घेतो. तथापि ती कथा घडते ती वाटेवर, जिथे पाणी नाही अशा ठिकाणी, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. क्षेत्रमाहात्म्यांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने क्षेत्राकडे जाणाऱ्या वाटेचा अभ्यास अल्प आहे.

यात्रेची आखणी म्हणजे आज आपण वाहन, मुक्काम आणि रजा यांचे गणित समजतो. पायी यात्रेच्या काळात प्रश्न निराळे होते. रोजची मजल किती, गोडे पाणी कोठे, शिधा कोणाकडून मिळणार आणि आजारी पडल्यास कोण पाहणार, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकणे धोक्याचे असे. तंजावरहून रामेश्वरकडे समुद्राच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर ही उत्तरे एका मराठी राजघराण्याने दिली होती. प्रस्तुत निबंधात त्या उत्तरांचा, म्हणजेच तंजावरच्या छत्रांचा, विचार करावयाचा आहे.

विषय सुचण्यास निमित्त घरगुती झाले. आईला रामेश्वर घडवावे म्हणून पाच दिवसांचा प्रवास आखत असता मी तंजावरपासून किनाऱ्याने जाण्याचा बेत केला. भाड्याच्या गाडीच्या चालकाला तो मुळीच रुचला नाही. पुदुकोट्टैमार्गे आतला रस्ता जवळचा, मग एवढा वळसा कशाला, असा त्याचा प्रश्न होता. आईचा प्रश्न त्याहून साधा होता : "त्या वाटेला जेवायची सोय काय रे?" इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम विचारावा असा तो प्रश्न होता, आणि तो मला सुचला नव्हता हे कबूल केले पाहिजे.

वाट आणि मजला

व्यंकोजींनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची सत्ता नांदली. या काळात, विशेषतः अठराव्या शतकात व एकोणिसाव्याच्या प्रारंभी, राज्यातून सेतूकडे जाणाऱ्या मार्गावर एकामागून एक छत्रे उभी राहिली. छत्र म्हणजे केवळ धर्मशाळा नव्हे. निवारा, अन्नछत्र, पाठशाळा आणि दवाखाना यांचे ते एकत्र रूप होते आणि त्याच्या खर्चासाठी जमिनी लावून दिलेल्या असत.

छत्रांची नावे पाहण्यासारखी आहेत. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र, राजामडमचे मोहनांबाळ, मणमेलकुडीचे द्रौपदांबाळ, मीमिसलचे राजकुमारांबाळ आणि तिरुवारूरच्या रस्त्यावरील नीडामंगलमचे यमुनांबाळ. ही सारी राजघराण्याशी निगडित स्त्रियांची नावे होत. घरातील यमुनाबाई छत्रापाशी येऊन यमुनांबाळ झाली. मुक्तांबाळ ही तर दुसऱ्या सरफोजींची विवाहित राणीही नव्हती, सहचरी होती. तिच्या नावे उभारलेले छत्र मात्र या मालिकेतील अग्रगण्य ठरले. राजस्त्रियांची नावे वंशावळीत एका ओळीपुरती येतात, येथे ती गावोगावच्या यात्रेकरूंच्या तोंडी होती.

नकाशावर ही ठिकाणे जोडली असता आखणी आपोआप स्पष्ट होते. तंजावर ते ओरत्तनाडू सुमारे २३ किलोमीटर. तेथून पट्टुकोट्टै जवळपास तेवढेच. पुढे वाट समुद्राला भेटते. राजामडमनंतर सेतुबावाछत्रम् नावाचे गाव येते; हे नाव मराठी कानाला लगेच ओळखीचे वाटते. त्यानंतर मणमेलकुडी, मग मीमिसल, मग तोंडी. बहुतेक टप्पे २० ते २५ किलोमीटरांचे आहेत. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना घेऊन चालणारा जथा दिवसाकाठी एवढेच चालू शकतो. छत्रे कोठे बांधावीत हे कोणी ग्रंथ पाहून ठरवले नसावे. चालणाऱ्याच्या पायांनीच ते ठरवले, असे माझे मत आहे. तंजावर ते रामेश्वर हे अंतर या वाटेने अडीचशे किलोमीटरांच्या आत बाहेर भरते, म्हणजे दहा-बारा दिवसांची चाल. तोंडीच्या पुढे रामनाथपुरमच्या सेतुपतींचा मुलूख लागे. सेतूचे रक्षक म्हणवणाऱ्या त्या घराण्याचीही छत्रे होती, त्यामुळे राज्य बदलले तरी यात्रेकरूची साखळी तुटत नसे.

ऋतूचे भान हाही आखणीचा भाग होता. या किनाऱ्यावर मुख्य पाऊस आपल्यासारखा ज्येष्ठ-आषाढात पडत नाही, तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडून येतो. वादळेही त्याच सुमारास. सेतुस्नानाची मोठी गर्दी पौष आणि आषाढ अमावास्येला होते. या दोन्ही पर्वण्या पावसाच्या त्या महिन्यांबाहेर पडतात.

१८०१ चे पत्र

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. किल्ला, त्याचा परिसर आणि महसुलाचा एक पंचमांश एवढेच सरफोजींच्या हाती उरले. छत्रे आणि त्यांना लावून दिलेल्या जमिनी आता परक्या मुलखात होत्या. अशा वेळी १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास एक पत्र लिहिले. प्रस्तुत विषयाचे ते सर्वांत मोलाचे साधन आहे.

या पत्रात राजा छत्रांची दिनचर्या सांगतो. ब्राह्मणापासून परया जातीपर्यंत सर्व वाटसरूंना, जोगी, जंगम, अतीत, बैरागी यांना शिजवलेला भात मिळे. शिजवलेले न चालणाऱ्यास कोरडा शिधा दिला जाई. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास यावे, अशी हाक दिली जाई. आजारी माणसाला औषध व पथ्याचे अन्न मिळून बरे होईपर्यंत राहता येई. मृताचा अंत्यविधी त्याच्या जातीच्या रीतीने होई. तान्ह्या मुलांना दूध मिळे. वाटेत बाळंत झालेल्या स्त्रीचा खर्च छत्र करी आणि तिला तीन महिने राहण्याची मुभा असे. सर्पदंशावर इलाज करणारे वैद्य तेथे असत. तंजावरला धर्मराज्य म्हणतात, हीच आपली सर्वांत मोठी प्रतिष्ठा, असेही राजाने नमूद केले आहे.

हे वर्णन वाचून भारावून जाणे सोपे आहे. परंतु हे पत्र एका याचकाने लिहिलेले आहे, हे विसरून चालणार नाही. सत्ता गेलेला राजा, उरलेले एक अधिकारक्षेत्र वाचवण्यासाठी, आपल्या संस्थांचे उजळ चित्र परक्या अधिकाऱ्यापुढे मांडतो आहे. प्रत्यक्षात प्रत्येक छत्रात रोज तसेच घडे असे या एका पत्रावरून म्हणता येणार नाही. शिवाय पंगत कशी बसे, कोण कोणाच्या शेजारी जेवे, याबद्दल पत्र मौन बाळगते. कोरड्या शिध्याची तरतूदच सांगते की सोवळेओवळे उंबऱ्याबाहेर राहिलेले नव्हते. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की ज्याला या वाटेवर भात मिळे त्या परया जातीच्या यात्रेकरूला वाटेच्या शेवटी असलेल्या देवळात पाऊल टाकता येत नव्हते. मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा व्यापक कायदा व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. तो माणूस एवढे चालून सेतूवर स्नान करून परत फिरत असेल. त्याची यात्रा अपुरी म्हणावी की देवळात जाणाऱ्यांची, हे मला ठरवता आलेले नाही.

असे असूनही पत्राचे मोल कमी होत नाही. वाटसरूच्या पोटाची आणि आजाराची जबाबदारी राज्यावर आहे, ही कल्पना त्यात गृहीत धरलेली आहे. दया म्हणून नव्हे, राज्याचे लक्षण म्हणून ती मांडली आहे.

वाट ओस पडली ती कशी

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारल्यावर संस्थान खालसा झाले आणि छत्रे सरकारी कारभारात गेली. तथापि छत्रांची यात्रेकरू तोडण्याचे काम कंपनीपेक्षा आगगाडीने अधिक केले. विसाव्या शतकाच्या आरंभी लोहमार्ग मदुराईकडून मंडपमपर्यंत आला. मंडपमहून पांबनला पूर्वी होडीने जावे लागे. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा पूल सुरू झाल्यावर गाडी थेट बेटावर जाऊ लागली. मदुराईमार्गे जाणाऱ्याला मणमेलकुडी, मीमिसल ही नावे ऐकण्याचेही कारण उरले नाही. दहा दिवसांची वाट एका रात्रीची झाली. चालकाचा 'जवळचा रस्ता' हा त्या आगगाडीच्याच वळणाचा वारसदार आहे.

पुढचा इतिहास त्रोटकपणे सांगता येईल. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केले, प्रवाशांसह एक गाडी समुद्राने गिळली. १९८८ मध्ये रस्त्याचा पूल झाला, २०१७ मध्ये धनुष्कोडीच्या टोकापर्यंत पक्का रस्ता पोचला आणि ६ एप्रिल २०२५ रोजी नवा रेल्वेपूल खुला झाला. दरम्यान पूर्व किनारी महामार्गाने जुनी वाट पुन्हा वाहती केली, पण आता तेथून माणसे ताशी ऐंशीच्या वेगाने जातात.

आम्ही शेवटी किनाऱ्यानेच गेलो. पहिल्या दिवशी ओरत्तनाडू पाहून मल्लिपट्टणमजवळ थांबलो. तेथे समुद्राकाठी सरफोजींनी १८१४-१५ मध्ये नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ बांधलेला बुरूज आहे. त्याला स्थानिक लोक 'मनोरा' म्हणतात आणि तो शब्द आपला आहे हे त्यांना ठाऊक नाही. ज्या इंग्रजांपुढे छत्रांसाठी अर्ज करावा लागला, त्यांच्याच विजयाचे स्मारक त्याच राजाने त्याच वाटेवर उभारले. दुसऱ्या दिवशी मणमेलकुडीस पोचायला दुपारचे दोन वाजले. एका लहान खाणावळीतल्या बाईंनी चुलीवरचा उरलेला भात आणि मासे नसलेली आमटी वेगळी काढून आईला वाढली. पैसे घेतले, पण दुसऱ्या वाढपाचे घेतले नाहीत. आईने मला विचारले की छत्र येथून किती दूर आहे. मी सांगितले, आपण त्याच गावात बसलो आहोत.